नोंद घेण्यात आली आहे

बँकेत बावीस वर्षं काढल्यावर माणसाला काय येतं, असं कुणी विचारलं तर ‘नोटा मोजता येतात’ असं मी म्हणणार नाही. नोटा आता यंत्र मोजतं, व्याज संगणक काढतो, आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य तर आमचा शिपाईसुद्धा माझ्यापेक्षा जास्त आत्मविश्वासानं म्हणतो. बी.कॉम.ला शिकलेलं जमाखर्चाचं शास्त्र केव्हाच हवेत विरलं. पण एक कला मात्र मला साधली आहे, आणि ती कोणत्याही विद्यापीठात शिकवत नाहीत. ती म्हणजे अनुपालन लिहिण्याची.

अनुपालन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान. वर्षातून एकदा वरच्या कार्यालयातून निरीक्षक येतात. तीन दिवस शाखेत बसतात, चहा पितात, वह्या चाळतात आणि जाताना चाळीसेक दोषांची यादी देऊन जातात. यादीतल्या प्रत्येक कलमापुढे एक कोरा रकाना असतो. तो भरणं म्हणजे अनुपालन. इथे नीट लक्ष द्या. दोष दूर करणं म्हणजे अनुपालन नव्हे, रकाना भरणं म्हणजे अनुपालन. समजा, ‘अग्निशामक नळकांड्याची मुदत संपली आहे’ असा दोष निघाला. मॅनेजरसाहेब रकान्यात लिहायला सांगतात, ‘नोंद घेतली.’ पुढच्या वर्षी दुसरे निरीक्षक येतात. ते नळकांड्याकडे पाहत नाहीत, रकान्याकडे पाहतात. रकाना भरलेला असतो. ते समाधानानं बरोबरची खूण करतात. तिसऱ्या वर्षी एखादा नवखा निरीक्षक चुकून नळकांड्याकडेच पाहतो आणि लिहितो, ‘मागील अनुपालनात नोंद घेतल्याचे नमूद असले तरी नळकांडे बदललेले दिसत नाही.’ त्यावर उत्तर जातं, ‘पुनश्च नोंद घेतली.’ आमच्या शाखेला अजून आग लागलेली नाही. बहुधा तिनंही नोंद घेतली असावी.

तशी ही कला माझ्याकडे वारशानं आली आहे. आमचे नाना खानदेशातल्या एका पंचायत समितीत पस्तीस वर्षं कारकून होते. कोणत्या पंचायत समितीत, ते सांगत नाही. त्याचं कारण पुढे येईलच. बँकेत दोष निघतो, तर नानांच्या दुनियेत ‘परिच्छेद’ निघायचा. जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका, महानगरपालिका यांचे हिशेब तपासायला सरकारचं स्थानिक निधी लेखापरीक्षण नावाचं खातं आहे. त्याचा कायदा १९३०चा. म्हणजे महात्माजी दांडीला मीठ उचलत होते, त्याच वर्षी मुंबई सरकार म्युनिसिपालटीच्या पावत्या उचलून पाहण्याची सोय करत होतं. मीठ सुटलं, पावत्या सुटल्या नाहीत. हे लेखापरीक्षक आपल्या अहवालात क्रमांक घालून परिच्छेद लिहितात, आणि प्रत्येक परिच्छेदाला कार्यालयानं उत्तर द्यायचं असतं. नाना ती उत्तरं लिहीत. लहानपणी मी त्यांच्या शेजारी पाटी घेऊन बसायचो. इतर मुलं ‘कमळ बघ’ वाचायला शिकली. मी ‘कार्यवाही प्रगतिपथावर आहे’ वाचायला शिकलो.

व्याकरणाचे गुरुजी आम्हाला वाक्यातला कर्ता शोधायला लावायचे. ‘रामाने आंबा खाल्ला’ यात राम सापडायचा. मी त्यांना एकदा नानांचं वाक्य दिलं: ‘नोंद घेण्यात आली आहे.’ गुरुजी बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिले. या वाक्यात कर्ता नाही. नोंद आहे, घेणं आहे, पण घेणारा नाही. सरकारी मराठीचं सगळं सामर्थ्य या बेपत्ता माणसात आहे. ‘संबंधितांना सूचना देण्यात आल्या आहेत.’ संबंधित कोण? सूचना कोणी दिल्या? नाना म्हणायचे, “अरे, संबंधित म्हणजे मीच. आणि सूचना मीच मला दिल्यात.” ‘भविष्यात दक्षता घेण्यात येईल’ हे वाक्य त्यांना फार आवडायचं. कारण भविष्य ही अशी जागा आहे, की तिथे तपासणीला कुणी जाऊ शकत नाही. आणि सगळ्यांत धूर्त म्हणजे ‘अनुपालन स्वतंत्रपणे सादर करण्यात येईल.’ म्हणजे उत्तरात एवढंच कळवायचं, की उत्तर नंतर देऊ. बँकेत हे चालत नाही. तेवढ्या बाबतीत आम्ही अजून मागासलेले आहोत.

आता कुणी म्हणेल, हे खालच्या लोकांचं झालं, मोठमोठ्या समित्यांच्या शिफारशींना तरी वजन असेल की नाही? असतं. आमच्या ताईचा मुलगा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करतो. तो रोज सकाळी ओसरीवर येरझारा घालत घोकत असतो, “वसंतराव नाईक समिती, शिफारशी २२६. बोंगिरवार समिती, २०२. प्राचार्य पी. बी. पाटील समिती, १८४.” मी एकदा त्याला थांबवून विचारलं, “बाबा रे, या १८४ शिफारशी होत्या तरी काय?” तो म्हणाला, “मामा, आकडा विचारतात. मजकूर नाही विचारत.” एका समितीनं दोन वर्षं राबून १९८६ साली पंचायत राज्याचं दुखणं सरकारपुढे मांडलं, आणि चाळीस वर्षांनी तिचा शिल्लक उपयोग काय, तर चार पर्यायांतून १८४ ओळखणे.

नाईक समितीवर मात्र अन्याय करता कामा नये. ती १९६०च्या जूनमध्ये नेमली गेली, १९६१च्या मार्चमध्ये तिनं अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला, आणि १ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. दोन वर्षांच्या आत! आज हे वाचताना छापण्यात काही चूक झाली असेल असं वाटतं. त्यातली गंमत अशी, की शिफारशी इतक्या झपाट्यानं अमलात आणून जी जिल्हा परिषद जन्माला घातली, तिनंच पुढे शिफारशींना उत्तर देण्याचं शास्त्र परिपूर्ण केलं.

या जिल्हा परिषदांना धाक असतो तो विधिमंडळाच्या पंचायती राज समितीचा. आमच्याकडे तिला ‘पीआरसी’ म्हणतात, आणि मूल रडायला लागलं तर आई ‘पीआरसी येईल’ म्हणून गप्प करते, असं ऐकण्यात आहे. आमदारांची ही समिती जिल्ह्यात येते, साहेबलोकांच्या साक्षी घेते, मग गाड्या भरभरून शाळा, अंगणवाड्या, दवाखाने पाहायला निघते. ती येणार म्हटलं की महिनाभर आधीपासून चुना मिळेनासा होतो. माझा एक मास्तर मित्र आहे. त्याच्या शाळेतलं स्वच्छतागृह समितीसाठी गुलाबी रंगानं रंगवून काढलं. इतकं सुरेख झालं, की समिती येईपर्यंत ते खराब होऊ नये म्हणून त्याला कुलूप ठोकलं. पंधरा दिवस पोरं शेजारच्या कपाशीत जात होती. समिती काही त्या रस्त्याला वळलीच नाही. पुढे किल्ली सापडेना.

साक्षी होतात त्या मात्र भलत्याच जुन्या गोष्टींवर. समितीपुढे जे परिच्छेद असतात, ते बहुधा पाच-सात-दहा वर्षांपूर्वीचे. तेव्हाचे साहेब बदलून गेलेले, बाबू निवृत्त झालेला, बांधलेला बंधारा वाहून गेलेला. समोर बसलेल्या साहेबाला विचारतात, “हा खर्च कसा केला?” तो बिचारा त्या वर्षी दुसऱ्याच जिल्ह्यात दुसऱ्याच परिच्छेदाचं उत्तर देत असतो. मग तो म्हणतो, “तपासून कळवतो.” समिती म्हणते, “एका महिन्यात कळवा.” सगळ्यांना हायसं वाटतं. दुपारी भरताची पंगत असते. जळगावच्या भरिताच्या वांग्याला सरकारनं भौगोलिक मानांकन दिलेलं आहे. त्या वांग्यापुढे कोणताही परिच्छेद फार वेळ टिकत नाही. कळण्याची भाकरी, वर मिरचीचा ठेचा, आणि तोंडातून जो हाश्श-हुश्श आवाज येतो तो प्रशासनाविषयीचा उद्गार आहे की ठेच्याविषयीचा, हे इतिवृत्तात येत नाही.

समित्यांच्या दौऱ्यात याहून तिखट गोष्टीही घडतात. मे २०२५मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांवर रोकड सापडली. महाराष्ट्रभर बोंबाबोंब झाली. समितीच्या अध्यक्षांनी आपला संबंध नाकारला, आणि चौकशीसाठी विशेष पथक नेमण्यात आलं. रक्कम कुणाची, कुणासाठी, हे ठरवणं माझं काम नाही. मी कॅशियरच्या पिंजऱ्यात बसणारा माणूस. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की सगळ्या पाचशेच्या धरल्या तरी ३६ हजार ८०० नोटा होतात. ३६८ बंडलं. ती बसून मोजायची म्हणजे कारकुनाची अख्खी संध्याकाळ जाते. नाना मात्र पेपर खाली ठेवून म्हणाले, “अंदाज समिती नाव बरोबर ठेवलंय. आता सगळे अंदाजच करत बसलेत.”

पण सगळंच हसण्यावारी नेता येत नाही. जळगावकरांना घरकुलाचं प्रकरण पाठ आहे. गरिबांसाठी सुमारे ११ हजार घरं बांधायची योजना, त्यातली जेमतेम दीड हजार पुरी झाली. फेब्रुवारी २००६मध्ये तेव्हाच्या आयुक्तांनी पोलिसांत फिर्याद दिली. निकाल लागला ३१ ऑगस्ट २०१९ला, धुळ्याच्या विशेष न्यायालयात. ४८ जण दोषी ठरले, पुढे अपिलं झाली. जळगावहून धुळ्याला एस.टी. अडीच तासांत पोहोचते. या फायलीला साडेतेरा वर्षं लागली. घर मिळेल म्हणून ज्यांनी त्या वेळी शेजाऱ्यांना पेढे वाटले असतील, त्यांनी ती साडेतेरा वर्षं आणि त्याआधीची कितीतरी वर्षं भाड्याच्या खोलीत काढली असणार. कोर्टापर्यंत जाण्याची वेळ येते ती त्याआधी कागदावर विचारलेल्या प्रश्नांना कुणी धड उत्तर दिलेलं नसतं म्हणून, असं माझं कारकुनी मत आहे.

हे मत मी एरवी मनातच ठेवलं असतं. पण मध्यंतरी कॅलिफोर्नियाहून माझ्या मावसभावाचा फोन आला. तो तीस वर्षांपूर्वी तिकडे गेला, तिकडचा नागरिक झाला आणि आता नोकरीतून मोकळा झाला आहे. म्हणाला, “मी ज्युरीत आहे.” आमच्या हिनं लगेच विचारलं, “गाण्याच्या की नाचाच्या?” नानांना ज्युरी म्हटलं की एकच खटला आठवतो, नानावटीचा. १९५९मध्ये ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी त्याला निर्दोष म्हटलं आणि पुढे आपल्याकडची ज्युरीची पद्धतच गेली. तेव्हा नानांनी फोन हिसकावून घेतला आणि काळजीनं विचारलं, “खून कुणाचा झालाय?”

खून वगैरे काही नव्हता. तिकडे म्हणे ‘सिव्हिल ग्रँड ज्युरी’ नावाची भानगड असते. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या, म्हणजे आपले जिल्हेच म्हणा. प्रत्येक काउंटीत दरवर्षी साध्या नागरिकांची एक ज्युरी नेमतात, बहुतेक ठिकाणी १९ जणांची. निवृत्त मास्तर, नर्स, दुकानदार, हिशेबनीस, असं कुणीही. वर्षभर त्यांनी काउंटीची कार्यालयं, गावच्या नगरपालिका, पाणीवाटपाची मंडळं यांच्या कारभारात नाक खुपसायचं. कायद्यानंच खुपसायचं! काय तपासतोय हे बाहेर बोलायचं नाही अशी शपथ असते. भावानं ती आमच्यापुढेही मोडली नाही, त्यामुळे हिचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. वर्षाअखेर अहवाल छापायचा: आम्हाला असं असं दिसलं, तुम्ही असं असं करावं.

मी म्हटलं, “म्हणजे आमच्या परिच्छेदासारखंच की! पुढे काय, नोंद घेण्यात येते ना?”

“तिथेच तर गंमत आहे,” तो म्हणाला. आणि त्यानं मला ती गंमत सांगितली, तेव्हा माझ्यासारख्या अनुपालनात मुरलेल्या माणसालाही क्षणभर खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

तिकडच्या कायद्यात उत्तराचे शब्दच ठरवून दिलेत. निवडून आलेल्या अधिकाऱ्यानं साठ दिवसांत आणि मंडळानं नव्वद दिवसांत उत्तर द्यायचं. जे दिसलं म्हणून ज्युरीनं लिहिलंय, त्यावर एकतर ‘मान्य’ म्हणायचं, नाहीतर पूर्ण किंवा काही भाग अमान्य, आणि तो का ते लिहायचं. शिफारशीवर चारच उत्तरं. ‘केलं.’ किंवा ‘अजून केलं नाही, पण अमुक मुदतीत करू.’ किंवा ‘आणखी अभ्यास हवा’, पण तो अभ्यास सहा महिन्यांत संपवायचा. आणि चौथं उत्तर, ‘करणार नाही’, कारणासकट. हे सगळं लिहिलंय ते फौजदारी संहितेत, चोऱ्यामाऱ्यांच्या शेजारी. कलम ९३३.०५. दशांश चिन्हाचं कलम पाहून माझ्यातला वाणिज्य पदवीधर सुखावला.

तुम्ही म्हणाल, मग तिकडे रामराज्य आलं असेल. छे! या ज्युरीला कुणाला शिक्षा करता येत नाही, शिफारस पाळायला लावता येत नाही. जून संपला की त्यांचं वर्ष संपतं, आणि उत्तरं येतात ती त्यानंतर, म्हणजे प्रश्न विचारणारे घरी जाऊन पेन्शन खात बसल्यावर. ‘आणखी अभ्यास हवा’ हे उत्तर तिकडेही लोकप्रिय आहे. माणूस खुर्चीवर बसला की पासपोर्ट कुठलाही असो, त्याचा कणा त्याच कोनात वाकतो. पण हे चौथं उत्तर मात्र माझ्या डोक्यातून जाईना. ‘करणार नाही.’ बावीस वर्षं मी अनुपालनं लिहितोय, नानांनी पस्तीस वर्षं लिहिली. आमच्या दोघांच्या मिळून सत्तावन्न वर्षांत ‘करणार नाही’ असं एकदाही कुणी कागदावर लिहायला सांगितलेलं नाही. आपल्याकडे शिफारस नाकारत नाहीत. तिला बसायला पाट देतात, पाणी देतात, नोंद घेतात आणि ती म्हातारी होईपर्यंत तिथेच बसवून ठेवतात.

धुळ्याकडच्या एका खेड्यात मी ग्रामसभेला गेलो होतो. कर्जवसुलीसाठी गेलो होतो, पण ग्रामसभेला गर्दी असते म्हणून. एक आजी उठल्या आणि गटारीचं काय झालं म्हणून विचारू लागल्या. ग्रामसेवक म्हणाले, “प्रस्ताव पाठवण्यात आलेला आहे, मंजुरी अपेक्षित आहे, निधी प्राप्त होताच...” आजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. म्हणाल्या, “करस का नही करस, तेवढं सांग ना भो!” सभा हसली. ग्रामसेवकही हसले. उत्तर कुणीच दिलं नाही. त्या आजींना कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं चार उत्तरं ठरवताना बोलावलं असतं, तर त्यांनी दोनांत भागवलं असतं.

आता नानांचं सांगतो. १९८७च्या उन्हाळ्यात त्यांच्या तालुक्यात टँकरनं पाणी पुरवत. नानांकडे त्या खेपांची नोंदवही होती. टँकर गावात गेला, की पाणी मिळालं म्हणून गावातल्या कुणाची तरी सही किंवा अंगठा घ्यायचा. एका गावात टँकर तीन दिवस उशिरा पोहोचला. बाया-बापड्या हंडे-कळश्या घेऊन अशा तुटून पडल्या, की ड्रायव्हर टपावर चढून बसला. दहा मिनिटांत टँकर कोरडा. त्या झुंबडीत सही कोण करणार? खेप क्रमांक एक्केचाळीस. लेखापरीक्षकांनी दोन वर्षांनी परिच्छेद काढला: ‘खेप क्र. ४१ वर पाणी मिळाल्याबाबत स्वाक्षरी नाही, सबब रुपये १३७.५० वसूलपात्र.’ नानांनी उत्तर लिहिलं. वरच्या कार्यालयानं नोंद घेतली. दर वर्षी परिच्छेद ‘प्रलंबित’ म्हणून पुढे आला, दर वर्षी नानांनी तेच उत्तर नव्या तारखेनं लिहिलं. त्या गावात पुढे नळ आले, टँकरचा तो ड्रायव्हर वारला. खेप क्रमांक एक्केचाळीस मात्र रस्त्यातच होती.

२००५मध्ये नाना निवृत्त झाले आणि त्यांची ग्रॅच्युइटी अडकली. परिच्छेद प्रलंबित. त्याच वर्षी ताईचं लग्न ठरलेलं. नाना १३७ रुपये ५० पैसे खिशात घेऊन कार्यालयात गेले, म्हणाले, “भरून घ्या आणि मोकळं करा.” कॅशियर म्हणाला, “नाना, कोणत्या शीर्षाखाली जमा करू? वसुलीचा आदेश कुठाय?” वसूल करा असं कुणी म्हणेना, माफ करा असंही कुणी म्हणेना. शेवटी पतसंस्थेतून एक लाख काढले, दर साल दर शेकडा पंधरा. महिन्याला साडेबाराशे रुपये व्याज. मी कागदावर हिशेब करून पाहिला. सही नसलेल्या एका टँकरपायी दर महिन्याला नऊ टँकरांचं व्याज जात होतं. ताईच्या लग्नात नाना सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होते. रात्री मांडव सोडताना मला म्हणाले, “पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वतीनं उत्तरं लिहिली रे. माझ्या वतीनं लिहायला कुणी नाही.”

माहितीचा अधिकार तेव्हा नुकताच आला होता. मी अर्ज टाकला: या परिच्छेदाचं काय झालं? तिसाव्या दिवशी उत्तर आलं, ‘अनुपालन वरिष्ठ कार्यालयास सादर करण्यात आले आहे.’ वरिष्ठ कार्यालयाला अर्ज टाकला. तिसाव्या दिवशी उत्तर, ‘अनुपालन प्राप्त झाले असून तपासणी प्रगतिपथावर आहे.’ अक्षर ओळखीचं नव्हतं, पण भाषा आमच्या घरातलीच होती. नाना चष्मा लावून ती दोन्ही उत्तरं वाचायचे आणि नकळत दाद द्यायचे, “वा! ‘असून’ काय सुरेख वापरलंय.”

२००९मध्ये जुने परिच्छेद निकाली काढायचं शिबिर भरलं. नाना फाईल घेऊन सकाळी नऊला जाऊन बसले. दुपारी नंबर लागला. टेबलावर एक तरुण लेखापरीक्षक बाई होत्या, नोकरीत नव्यानं लागलेल्या. त्यांनी वीस वर्षांची अनुपालनं चाळली, बाजूला ठेवली, आणि विचारलं, “काका, पाणी पोचलं होतं का गावात?”

नाना सांगतात, की एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. ते म्हणाले, “हो बाई. माझ्यादेखत. एक बाई तर रिकाम्या टँकरच्या तोटीला ओंजळ लावून बसली होती.” त्या बाईंनी दोन ओळी लिहिल्या: ‘खुलासा मान्य. परिच्छेद वगळण्यात यावा.’ खाली सही, खाली तारीख. नाना उठताना त्यांच्या पाया पडायला लागले, तेव्हा त्या घाबरून उभ्या राहिल्या. ग्रॅच्युइटी आली ती बहुतेक सगळी पतसंस्थेत गेली.

मावसभावाचं ज्युरीचं वर्ष जूनअखेर संपलं. ऑक्टोबरात त्याचा फोन आला, आवाज चढलेला. त्यांनी जी मोठी शिफारस केली होती, तिच्यावर त्या मंडळानं उत्तर दिलं होतं: ‘ही शिफारस अमलात आणणार नाही.’ पुढे चार ओळींत कारण, खाली अध्यक्षांची सही. “वर्षभर राबलो,” भाऊ म्हणाला, “आणि तोंडावर नाही म्हणतात!” मी त्याचं सांत्वन केलं आणि म्हटलं, “तो कागद मला पाठव.”

त्यानं मोबाईलवर फोटो पाठवला. नाना आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. भाच्यानं घोकंपट्टी थांबवून त्यांना सगळं मराठीत वाचून दाखवलं. नानांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बोटानं तळाशी चाचपत विचारलं, “तारीख घातलीय का रे यांनी?”

भाचा म्हणाला, “हो आजोबा. एकोणनव्वदावा दिवस.”

“आणि सही?”

“आहे की. नावासकट.”

नानांनी मोबाईल माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “याची एक प्रत काढून माझ्या फायलीत लाव.”